ताईचा घास

३ मार्च
चहात बुडवलेलं बिस्किटही आज परत आलं! ताई म्हणाली, "दुकान बंद. उद्या या." बत्तीस वर्षं मुलींना रसायनशास्त्र शिकवलेली बाई — रडणं तिच्या अभ्यासक्रमातच नाही. ते खातं धाकटी म्हणून माझ्याकडे. न्हाणीघरात नळ सोडून उरकते.

फुप्फुसाचा कॅन्सर गेल्या वर्षी कळला. आता छातीतल्या गाठी अन्ननलिकेला बाहेरून दाबताहेत. पंधरा दिवसांत तीन किलो गेले.

५ मार्च
सूप वाटून वाटून मिक्सरने मान टाकली! खालच्या मजल्यावरचे घड्याळजी — घड्याळं दुरुस्त करतात, म्हणून आमच्यात हेच नाव — उचलून घेऊन गेले आणि तासाभरात चालू करून आणला. सोबत एक बारीक गाळणी.
"मिक्सरबरोबर फुकट का हो?" ताई.
घड्याळजी कानापर्यंत लाल. साठी उलटलेला माणूस!

९ मार्च
डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण आडपडदा नाही. "आजार याने बरा होणार नाही. जेवता मात्र येईल." एक उपाय किरणांचा — उतार पडायला काही आठवडे. दुसरा, अन्ननलिकेत धातूच्या जाळीची नळी — दुर्बिणीतून बसवतात, एक-दोन दिवसांत घास उतरू लागतो.

ताईने पर्समधून वही काढली, दोन रकाने पाडले, फायदे-तोटे मांडले. मग वही मिटली. "नळी बसवा. भूक लागलीय हो मला!"

डॉक्टरीणबाईच आधी हसल्या. मी नंतर. मग न्हाणीघर नव्हतं, तर रडणंही तिथेच.

१२ मार्च
बसली! अर्धा तास लागला. मी बाहेर बाकावर. घड्याळजी दुकानाला कुलूप घालून आलेले. शेजारी बसले, समोरच्या भिंतीकडे बघत. अखेर म्हणाले, "भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे." संपलं भाषण.

१३ मार्च
छातीत दुखतंय तिच्या. नळी आत फुलतेय म्हणे, दोन-तीन दिवस चालेल. औषध दिलं. चमचा माझ्या हातातून पडला तर मला "गधडी" म्हणाली. किती बरं वाटलं!

१५ मार्च
अंडं! मऊ उकडलेलं, आख्खं!

नियमांचा कागद तिने स्वतःच फ्रिजवर चिकटवलाय. घास छोटा, भरपूर चावायचा. मध्ये मध्ये सोड्याचा घोट. पाव वर्ज्य — गोळा होऊन अडकतो. जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. झोपताना डोकं उंच.

अंडं संपायला पाऊण तास. मी समोर बसून.
"नाटक बघतेयस का?"
"हो. पुढचा अंक?"
"कुस्करलेला बटाटा. लोणी सढळ हाताने घाल, कंजूष!"

१९ मार्च
वजन अर्धा किलो वर! काट्यावर तीनदा चढली.

२२ मार्च
ताईने घड्याळजींना जेवायला बोलावलं. न विचारता! घरात होता नव्हता तो सगळा मऊ प्रकार — भोपळ्याचं सूप, बटाटा, कस्टर्ड. म्हटलं, दात शाबूत असलेल्या माणसाला हे काय वाढायचं? पण दुकानात उभ्या उभ्या पाच मिनिटांत डबा संपवणारा हा माणूस तिच्या एका घासाला आपला एक, असा तासभर जेवला. ताई बोलत होती, ते ऐकत होते. मध्येच तिला ठसका लागला. मी उठायच्या आत त्यांनी ग्लास पुढे केला होता.

मी भांडी घासायला निघून आले. उगीचच.

२४ मार्च
सकाळी ताई म्हणाली, "अठ्ठावीस एप्रिलला रजा टाक. नोंदणी कार्यालयात सही करायचीय तुला."
"कसली?"
"साक्षीदाराची. मी आणि घड्याळजी लग्न करतोय."
माझ्या तोंडून निघूनच गेलं — "अगं, आता?"
"मग कधी?"