लेन्सवरचं झाकण

बाबा,

काल तुमच्या नातीसाठी कॅमेरा घेतला. तिला रोलचाच हवा होता, जुना आणि स्वस्तातला. कॉलेज वाघोलीत, मुक्काम मोबाइलमध्ये, आणि हौस मात्र आजोबांची! म्हणून तिला घेऊन नारायण पेठेतल्या त्याच दुकानात गेले, जिथे तुम्ही वीस वर्षं रोल धुवायला देत होतात आणि ज्याची पायरी नंतर शेवटपर्यंत चढला नाहीत. दुकानवाले काका आता फार थकलेत, जिभेची धार तेवढी शाबूत आहे. हिनं सगळ्यात चकचकीत कॅमेरा उचलला तर म्हणाले, "शोकेसमध्ये ठेवायचाय की फोटो काढायचेत?" आणि एक ओरखडे पडलेला रेंजफाइंडर कॅमेरा पुढे केला. तुम्ही मला शिकवलं होतंत तसंच मी तिला सांगितलं: खिडकीच्या गजावर रोख, दोन गज दिसतील, रिंग फिरवून ते एक होतात का बघ. मग मागचं दार उघडून शटर नीट उघडतंय का ते पाहा. गज एक झाला. पोरगी हरखली.

"एक ध्यानात ठेव," काका तिला म्हणाले, "यात आपण लेन्समधून बघत नाही. झाकण लावलेलं असलं तरी सगळं छान दिसतं, आणि आख्खा रोल कोरा जातो."

तुमचा निरोप समारंभ. मी अकरावीत. "आज तूच काढ," म्हणून तुम्ही कॅमेरा माझ्या हातात देता आणि फेटा बांधून साहेबांशेजारी उभे राहता. छत्तीस फोटो काढून झाल्यावर मी झाकण लावायला जाते, तर ते लावलेलंच! मी तसाच कॅमेरा तुमच्या हाती देते. चार दिवसांनी दुकानात काका कोरी पट्टी धरून म्हणतात, "कडेचे आकडे उमटलेत, म्हणजे धुण्यात चूक नाही. झाकण काढलं होतं का, विचारा तिला." तुम्ही विचारता. मी म्हणते, काढलं होतं. "माझी मुलगी खोटं बोलत नाही," एवढं बोलून तुम्ही वीस वर्षांची मैत्री तिथेच ठेवून निघालात.

काल लेकीनं विचारलं, "आई, तुझं झालंय कधी असं?" पावती लिहिता लिहिता काकांचा हात थांबला. मी म्हणाले, "छे!" त्यांनी झाकण वेगळ्या कागदात बांधून तिच्या हातात दिलं.

लाज वाटते, बाबा. हे पत्र खरं तर त्यांना लिहायचं. पत्ता पावतीवर छापलेला आहे. तरी तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही उलट काही विचारणार नाही.