मैनाबाई शेवटच्या कधी बोलल्या

५ नोव्हेंबर, बुधवार

गंगापूरचा पेशंट. उजवा हात-पाय गेलेला, तोंड वाकडं. झटका काल सकाळी, आमच्याकडे आज दुपारी. मधला वेळ? लकव्याचं तेल चोळून देणारा कोणी आहे, त्याच्या दारात रांग लावून बसले होते. वर मुलगा मलाच विचारतो, "म्याडम, ते मेंदू वाचवायचं नवं इंजेक्शन हाय म्हनं तुमच्याकडं?" आहे बाबा. पण सहा तासांच्या आत द्यायचं असतं. ज्या पेशी अजून तग धरून आहेत त्या वाचवता येतात का, एवढंच बघतोय आम्ही. मेलेल्या उठवत नाही. हे त्याला सांगितलं नाही. बाप समोर पडलेला, कसं सांगणार.

तीन महिने झाले, या इंजेक्शनच्या अभ्यासात एकही पेशंट नाही. समन्वयक म्हणून बिल्ला लावून फिरते मी, आणि समन्वय कशाचा करायचा तर रिकाम्या फायलींचा.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पुण्याच्या मॉनिटर बाईंचा व्हिडिओ कॉल. कागदपत्रं तपासणं हे त्यांचं काम, जखमेवर मीठ चोळणं ही आवड. "तुमचा लोकसंपर्क कमी पडतोय का?" अहो, फुलंब्री तालुक्यातली गावं स्कूटीवर पालथी घातली मी. शाळेच्या व्हरांड्यात, मंदिराच्या पारावर, माईक घेऊन. घसा बसला. पत्रकं वाटली.

महिनाअखेर एकही आला नाही तर सेंटर बंद करायचा विचार आहे म्हणे.

सरांना सांगितलं. अभ्यास त्यांच्या नावावर आहे, न्यूरोचे मोठे डॉक्टर. म्हणाले, "करू काहीतरी." सरांचं "करू" म्हणजे मी करायचं, हे आता पाठ झालंय.

१० नोव्हेंबर, सोमवार

नवीनच तमाशा. आज दोन पेशंट, दोघांचे नातेवाईक छातीठोकपणे, "दोन तास झाले." पहिल्याच्या खिशात दुसऱ्या दवाखान्याची चिठ्ठी निघाली, कालच्या तारखेची. दुसऱ्याच्या बायकोला तीनदा विचारलं तेव्हा "दोन तास" चे "रातीपासून" झाले.

आधी उशिरा यायचे पण खरं सांगायचे. आता उशिरा येतात आणि खोटं सांगतात. शिबिरांचा हा फायदा. गावोगाव जाऊन खोटं कसं बोलायचं ते मीच शिकवून आले!

१२ नोव्हेंबर, बुधवार

मिळाला पेशंट. मैनाबाई, वय अंदाजे साठ, फुलंब्रीकडच्या. घरच्या शेळ्या राखतात. सून शीला जीप करून घेऊन आली, मुलगा बाळू कंपनीतून परस्पर पोचला. उजवी बाजू लुळी, बोलणं पूर्ण बंद. डोळे मात्र जागे.

शीलाच्या मुठीत आमचं पत्रक, घामाने ओलं झालेलं. कधी झालं? "बारा वाजता." घड्याळ बघितलंस? "व्हय." अडीचला पोचल्या होत्या. बीपी इतकं चढलेलं की गुठळी विरघळवायचं नेहमीचं इंजेक्शन देता येईना. म्हणजे आमचं, नाहीतर काहीच नाही. सर सी.टी. बघून म्हणाले, "थोडं जुनं वाटतंय का गं हे?" मी म्हटलं, सून बारा सांगतेय ना सर. बाळूने सही केली. चारला सलाईनमधून सुरू. बाटलीत औषध की नुसतं पाणी ते मलाही ठाऊक नाही, सरांनाही नाही. नियमच तसा आहे.

मॉनिटर बाईंना मेल टाकला, जरा तोऱ्यातच. येताना औरंगपुऱ्यातून जिलबी घेतली. एकटीने संपवली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मै.बां.नी उजवा अंगठा हलवला. मी दोनदा बघितलं.

शीला पलंगाच्या पायथ्यापासून हलत नाही. दर पाच मिनिटांनी "आत्याबाई, पानी देऊ?" सिस्टर वैतागली. मै.बा. भिंतीकडे बघतात.

१५ नोव्हेंबर, शनिवार

कशाला नेलं मी शीलाला कँटीनला.

दोन दिवस काही खाल्लं नव्हतं म्हणून नेलं. चहा पुढे ठेवला तर ही रडायला लागली. "त्या दिशीबी च्या असाच गार पडला." कोणत्या दिवशी? "आत्याबाई पडल्या त्या दिशी. सकाळी." सकाळी? तू तर बारा म्हणालीस.

मग सगळं बाहेर आलं. मंगळवारी संध्याकाळी दोघींचं भांडण. "शेळ्या कोंडायचा टाइम. गाभण शेळी म्या बाहेर बांधली, गारठ्यात, म्हनून लई बोलल्या. म्हनल्या, आजपसून तुझ्याशी बोलले तर नावाची मैना नाय." बुधवारी बाळू अंधारातच कंपनीत गेला, आई झोपलेली. शीलाने उशाशी चहा ठेवला. सासू भिंतीकडे तोंड करून. हाक मारली, ओ नाही. "मला वाटलं फुगल्यात. मीबी म्हनलं, नका बोलू." आणि गेली कापूस वेचायला. बाराला परत आली तर शेळ्या अजून कोंडलेल्या, ओरडून ओरडून घसे बसलेले. तेव्हा कुठे आत जाऊन तोंडाकडे बघितलं.

म्हणजे त्या बाईची वाचा गेली होती आणि हिला तो अबोला वाटला. अख्खी सकाळ. कदाचित रात्रसुद्धा.

मी ओरडलेच. खोटं का सांगितलंस?

"तुमीच म्हनल्या ना ताई, टाइम गेला की दवा नाय देत."

म्हणाले होते. माईकवर.

"ह्यांला नका सांगू. जलमभर माझ्याकडं बघायचे नाय."

तिचा राग येतोय, सासूचा येतोय. सगळ्यात जास्त माझा येतोय. सरांनी विचारलं होतं. मीच दुसऱ्यांदा विचारलं नाही, कारण मला पेशंट हवा होता.

१६ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर काही सुचलं नाही. गप्प बसले तर? कोणाला कळणार? बाई सुधारतायत, सेंटर चालू राहतंय, सुनेचा संसार सुखाचा. सगळं ठीक. फक्त उद्या ह्या आकड्यांवर विसंबून कोणीतरी दुसऱ्या कुठल्या मैनाबाईला औषध देईल.

नाही जमणार.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सरांना सांगितलं. ओरडतील वाटलं होतं, नुसता चष्मा काढून डोळे चोळले. "वेळ कोणती धरायची, माहितीय ना?" माहितीय. पेशंट शेवटची धडधाकट दिसली ती. म्हणजे मंगळवार संध्याकाळ. म्हणजे औषध कितीतरी उशिरा दिलं. "एथिक्स कमिटीला लिही, पुण्याला लिही. मुलाला मी सांगतो. सही त्याची आहे, त्याला कळायलाच हवं."

फॉर्म भरला. शेवटचं स्पष्ट बोलणं कोणी ऐकलं: सून. वेळ: शेळ्या कोंडताना. पुण्याहून लगेच फोन, "म्हणजे नक्की किती वाजता?" सूर्यास्त शोधून पावणेसहा लिहिलं. काय बोलल्या त्याला रकाना नाही, तेवढंच बरं.

शीलाला आधी सांगितलं की आज सर बाळूला सांगणार. ती पदर तोंडात धरून जिन्यात बसून राहिली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

बाळू मला शोधत आला. मला वाटलं आता भांडणार. मी भांडायची तयारीसुद्धा केली होती.

"ताई, दोघी बोलत नाय हे मला ठावं व्हतं. म्या आलो तवा आई निजलेली, रातीच हिच्याकडून कळलं व्हतं. म्या मुद्दाम मधी पडलो नाय. म्हनलं, मिटवतील आपसात." हातातली पिशवी चाळवली. "सकाळी आईला हाक मारून गेलो असतो तर?"

काय सांगू? असतं तर, नसतं तर, याच्यावर आमचा अख्खा अभ्यास उभा आहे. म्हटलं, चहा घ्या.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मै.बा. घरी गेल्या. काठी घेऊन चार पावलं टाकली. काल "बाळू" म्हणाल्या. जड, ओढत, पण "बाळू"च. सिस्टरने टाळ्या वाजवल्या. औषधाने की आपोआप, देव जाणे. त्यांचे आकडे आता वेगळ्या यादीत, नियमात न बसलेल्यांच्या.

शीलाशी अजून एक शब्द नाही. ती विचारते, "ताई, माझ्याशीबी बोलतील ना?" मी म्हटलं, वेळ लागतो.

सेंटरचं "पुढच्या महिन्यात बघू".

१० फेब्रुवारी, मंगळवार

मै.बां.ची नव्वद दिवसांची तपासणी. तिघंही आले. चालणं छान. डाव्या हाताने शीलाचा हात झटकून स्वतः खुर्चीत बसल्या.

बोलण्याची चाचणी सरांनी घेतली, नोंद मी. घड्याळ दाखवलं, "घड्याळ." किल्ली, "किल्ली." पेनला अडखळल्या, मग जमलं. हा कोण? "बाळू." घरी काय पाळलंय? "शेळ्या." एकीचं नाव? "चांदी." बाळू हसला.

मग सरांनी शीलाकडे बोट केलं. ही कोण?

मै.बां.नी तिच्याकडे बघितलं. चांगलं नीट, वरपासून खालपर्यंत. ओठ हलले असं मला वाटलं. सरांना नाही वाटलं. सरांनी पुन्हा विचारलं. शीलाला राहवलं नाही, "आत्याबाई, शिव्या द्या. पन बोला."

मै.बां.नी मान खिडकीकडे वळवली.

सर हळूच म्हणाले, "शून्य टाक." फॉर्मवर दोनच रकाने, सांगता आलं आणि सांगता आलं नाही. म्हटलं, सर, आलं नाही कशावरून? सर म्हणाले, "आणि आलं असतं कशावरून?"

तिघं गेले. बाळू पुढे, मागे मै.बा., आणि त्यांच्या काठीवर डोळे लावून दोन पावलं मागे शीला. पुण्याचा फोन दोनदा येऊन गेला, फॉर्म कुठाय म्हणून. रकाना कोराच आहे.