रंगाचे पाच हात

२ नोव्हेंबर २००३
दौंडच्या भंगारातून मुंबई बंदरातली जुनी लोखंडी लाँच आणली. आमच्या राहू गावात नदीवर फेरी सुरू करणार. लोक पुलाचा वळसा घालतात, कारण लोकांना कल्पनाशक्ती नसते. विकणारा इनुस म्हणाला, साहेब, भंगार म्हणून देतोय, होडी म्हणून न्हाई. मी म्हणालो, समुद्रात वाढलेली वस्तू. नदी तिचं काय वाकडं करणार?

३ नोव्हेंबर
शिक्रापूरला कारखान्यात राजीनामा दिला. इतकी वर्षं पेंटशॉपमध्ये काढली. गंज मला कोणी शिकवू नये. मॅनेजर म्हणाला, महिनाभर कागद ड्रॉवरमध्ये ठेवतो, मग वर पाठवतो. दया नको, म्हणालो.

९ नोव्हेंबर
बायकोनं, राजश्रीनं, लाँचचा तळ वाजवून पाहिला. बाजारात माठ वाजवतात तसा, बोटाच्या पेरानं. म्हणाली, अहो, मधोमध बद्द वाजतंय. जहाज म्हणजे माठ नव्हे, असं समजावलं. म्हणाली, व्हय, माठ फुटला तर माणूस बुडत न्हाई.

१० नोव्हेंबर
गंज खरवडायला घेतला. पापुद्रे निघतात. दुपारपर्यंत इतके निघाले की काम थांबवलं. गंजही शेवटी लोखंडच. काढला तर पत्रा पातळ होतो. वरूनच प्रायमर मारावा.

१६ नोव्हेंबर
निळ्या रंगाचे पाच हात झाले. प्रत्येक हाताला जाडी वाढते, म्हणजे ताकद वाढते. आतल्या फासळ्या कुजल्या होत्या. पुट्टी भरली, घोटली, रंगवली. आता ओळखूही येत नाहीत. शेजारचे चांगदेव आबा म्हणाले, नवरी नटली, आप्पा, पन दाढा हायत का? गावाला फिनिशिंग कळत नाही.

२३ नोव्हेंबर, सकाळी
नारळ, हार. निम्मा गाव काठावर. सर्जेरावांची क्रेन आली. दोन्ही टोकांना साखळ्या.

त्याच दिवशी, नंतर
उचलली. टोकं वर गेली. मधला भाग खालीच राहिला. सर्जेरावांनी विचारलं, आप्पा, कंचा तुकडा आधी पाण्यात सोडू? लोक हसले. हसणं सोपं असतं.

२४ नोव्हेंबर
नीट तपासलं. चूक क्रेनची. मोडलेली कड सोडली तर रंगाला कुठंही तडा नाही.

१ डिसेंबर
राजश्रीनं पुढच्या तुकड्यात गोवऱ्या रचल्या. आधी वाजवून घेतला. मग माझा डबा भरला. म्हणाली, मॅनेजरांचा महिना परवा भरतोय.
सकाळच्या एसटीनं शिक्रापूरला जातो. पेंटशॉपचं माझ्याशिवाय काय झालंय, ते नुसतं पाहून येतो. डबा घेतलाय.