जीप उंच, गोळा खालीच

२ मार्च

चि. खटपट्या यास,
अ. उ. आ.

पत्राऐवजी तुझा फोटो आला. जीपशेजारी कमरेवर हात ठेवून उभा आहेस. छान दिसतोस. पण मागच्या महिन्यात हीच जीप माझ्या वाटेवरच्या उंचवट्यावर पोट टेकून बसली होती, ते फोटोत दिसत नाही. सस्पेन्शन वाढवून तिचे पाय लांब केलेस म्हणे. मग पोट तिथल्या तिथं कसं राहिलं?

थट्टा पुरे, काम आहे. रस्ता खचल्यामुळे ट्रकवाल्याने यंदा हात वर केले. इथं माथ्यावरची फुलं संपली, खालच्या फळबागा महिनाअखेरीस फुलतील. तोवर मधपेट्या खाली गेल्या नाहीत तर माझ्या माश्या उपाशी मरतील. तुझ्या बाबांना, म्हणजे आमच्या दादाला, मी कबूल करून बसलेय की यंदा पेट्या उतरल्या नाहीत तर त्या विकायच्या आणि कायमचं तुमच्याकडे राहायला यायचं. दादाने मागची खोली रंगवूनसुद्धा घेतली. खोली चांगली आहे, पण खिडकीतून समोरच्यांची पाण्याची टाकी दिसते. टाकीकडे बघत मी किती दिवस काढणार?

सगळी भिस्त तुझ्या जीपवर आहे. लोभ आहेच, आता थोडी अक्कलही लाव.

तुझी आत्या

९ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पोटाचं उत्तर आधी. सस्पेन्शन वाढवलं की वरचा सांगाडा उचलला जातो. चाकांच्या मधला लोखंडी गोळा मात्र आसावर असतो, तो होता तिथंच लोंबतो. तो उचलायचा तर टायरच मोठे हवेत.

म्हणून टायर आणले. असे रुंद की सगळी गल्ली बघायला आली. रिम मात्र कंपनीच्याच ठेवल्या आणि तिथंच घोडं अडलं. या रिमवर रुंद टायर आतल्या बाजूला सरकून बसतो, त्यामुळे स्टिअरिंग पूर्ण वळवलं की त्याची कड सस्पेन्शनच्या पाट्यांना घासते. आवाज ऐकून शेजारच्या काकू कानांवर हात ठेवून बाहेर आल्या. मग स्टिअरिंग अडवणारा बोल्ट वाढवला. आता टायर घासत नाही, पण जीप धड वळतही नाही. फाटकातून आत यायला मागेपुढे, मागेपुढे करावं लागतं. त्यात काकूंची कुंडी गेली.

बाबा गॅलरीतून बघत असतात. जमत नाही ना, मग संपला विषय, असं म्हणून ते तुझ्या खोलीच्या पडद्यांची मापं घ्यायला आत गेले. त्यांचा आनंद लपत नाही.

तुझ्या वळणांवर मागेपुढे करायला जागा आहे का, तेवढं कळव. माझ्यावरचा लोभ कुंडीच्या बातमीने कमी होऊ देऊ नकोस.

तुझा खटपट्या

१४ मार्च

चि. खटपट्या यास,
अ. उ. आ.

जागा नाही. एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला काहीच नाही. शिवाय असे हिसके बसले तर पेट्यांमधली पोळी मोडतात आणि राणीमाशी त्यात चिरडते.

तेव्हा राहू दे. तू जिवापाड खटपट केलीस. पेट्या घ्यायला एक जण तयार आहे. दादाला सांग, मी महिनाअखेरीस येते. सामान थोडंच आहे. एका कोपऱ्यात पडून राहीन, माझा कुणाला त्रास होणार नाही. पडदे कोणत्याही रंगाचे चालतील. वाईट वाटतंय, ते लपवत नाही, पण रडत बसलेय असं समजू नकोस.

लोभ ठेव, आता तो रोज समोरासमोरच लागेल.

तुझी आत्या

१८ मार्च

चि. माशी हिस,
दादाचे अ. उ. आ.

तुझं पत्र चिरंजीवांनी वाचून दाखवलं. पडदे कोणत्याही रंगाचे चालतील? लहानपणी ताटली निळीच हवी म्हणून तू घर डोक्यावर घेतलं होतंस. आणि कुणाला त्रास होणार नाही म्हणे. अशी गुणी बाई मला घरात नको. मला माझी बहीण हवी होती, आणि तिला तिथून उपटून आणली तर ती तशी राहणार नाही, हे पत्र ऐकल्यावर डोक्यात शिरलं. राग आला. तुझा थोडा आणि माझाच जास्त.

दुसऱ्या दिवशी चिरंजीवांना घेऊन टायरवाल्याकडे गेलो. ती रुंद धुडं परत केली आणि तेवढेच उंच पण अरुंद टायर घेतले. कंपनीच्या रिमवर ते नीट बसतात आणि पाट्यांपासून लांब राहतात. बोल्ट पुन्हा पहिल्या जागी गेला. जीपला सायकलचे टायर लावलेत असं मित्र म्हणतात, त्यामुळे चिरंजीव फुगून बसलेत. रुंदी मित्रांना दाखवायलाच होती, हे मात्र कबूल करतात.

रिकाम्या गाडीवर माझा विश्वास नाही. वाळूची पोती भरली, एक चाक दगडांवर चढवलं आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिलं. मडगार्डची कड लागत होती, ती ठोकून आत घेतली. त्यात अंगठाही ठोकून घेतला.

शनिवारी येतो. संध्याकाळी माश्या परतल्या की पेट्यांची दारं लाव. वळणांवर मी पुढे चालत वाट दाखवीन. लोभ आहे, त्याचा गवगवा नको.

तुझा दादा

२६ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पेट्या बागेत लागल्या. सकाळी दारं उघडली तशा माश्या जरा घुटमळल्या आणि थेट फुलांवर गेल्या. खटपट्याला सांग, गोळा वाटेत एकदाही टेकला नाही. त्या सायकलच्या टायरांना मी मनापासून नमस्कार केलाय. तुझ्या नाकाची सूज उतरली का? माशी डसली तरी तू पेट्या उतरवतच राहिलास.

आता एक लिहिते, समोर बोलता आलं नसतं. शेवटच्या वळणावर रस्त्याची कड ढासळली आणि जीप बाहेरच्या अंगाला कलली. तू खुणा करायचं सोडून धावत आलास आणि त्या बाजूने मडगार्डला खांदा लावलास. दादा, भरलेली जीप ती. गेली असती तर तुला घेऊन गेली असती. खटपट्या बाजूला व्हा म्हणून ओरडत होता. मागून मीही ओरडले, की पेट्या जाऊ देत, तू सर. जीप सावरून रस्त्यावर येईपर्यंत तू हटला नाहीस. मी तुझ्याकडे यावं म्हणून तुझी वर्षभर धडपड, आणि मी वर राहावं म्हणून तिथं पाय रोवून उभा राहिलास. त्या रात्री मी पोटभर रडले.

पुन्हा असा वेडेपणा केलास तर बघ. सगळ्या पेट्या विकून तुझ्याकडे येईन आणि मरेपर्यंत तुझ्याशी भांडेन.

लोभ केवढा आहे ते पाहिलं. यापुढे तो घरात बसून करावा.

तुझी माशी