भट्टीवरची खोली आणि उशिराची कारणे

मी, गल्लीत पाववाल्या काकू म्हणून ओळखली जाणारी, वय वर्षे एकाहत्तर, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझ्या थोरल्या दादाला तो पटला नाही, तर त्याने आधी स्वतःचा आणावा.

१. बेकरीचा गाळा, भट्टी व सर्व सामान मुलाला द्यावे. तो पाव माझ्यापेक्षा चांगला भाजतो. तोंडावर सांगितले असते, तर डोक्यावर बसला असता.

२. बँकेतील ठेव सुनेला. मुलाने त्यात नाक खुपसू नये.

३. माझी जुनी सायकल दादाला. शाळेआधी मी तिच्यावरून पाव पोचवत असे आणि उशीर होई. उशिरा येणाऱ्याने कारण लिहून द्यायचे, असा आमच्या बाईंचा नियम होता. मी लिहिले, ‘भट्टी पेटली नाही.’ बाई म्हणाल्या, “खरं आहे, पण कंटाळवाणं आहे. का पेटली नाही, ते लिही.” मग मी ओली लाकडे लिहिली, वैतागलेले वडील लिहिले, धुराने शिंकणारे आजोबा आणि पिठात पडलेली त्यांची कवळीही लिहिली. मधली सुट्टी संपली तरी हात थांबेना. बाईंनी ते वाचून दाखवले, वर्ग पोट धरून हसला, आणि मला जन्मभर हेच करायचे आहे हे मला तिथेच कळले. त्यानंतर मी मुद्दाम उशिरा जाऊ लागले.

दादाने चुगली केली. वडील तावातावाने शाळेत गेले. बाईंनी त्यांना बसवून सगळी कारणे ऐकवली. ते परतले ते हसून हसून डोळे पुसतच, आणि भट्टीवरच्या खोलीतली पोती हलवून तिथे माझ्यासाठी टेबल टाकले. तेव्हा दादा, चुगलीबद्दल आभार. सायकलची चेन मात्र तूच बसवून घे.

४. याच खोलीत मी माझी सगळी पुस्तके लिहिली. मुलाला तिथे पुन्हा पोती ठेवायची आहेत. माझा जीव या एका कलमात अडकला होता. खोली लिहिणाऱ्यालाच मिळावी, पण घरात लिहिणारे कोणी दिसेना. नातीला माझ्या कारणांच्या गोष्टी पाठ, पण ती शाळेत कायम वेळेवर. म्हणून नावाची जागा मी कोरी ठेवली होती.

काल सह्या व्हायच्या होत्या. वकील आणि साक्षीदार वर येऊन बसले, तेवढ्यात नात दप्तरासकट आली. शाळा केव्हाच भरली होती.

“आजी, आज मी मुद्दाम उशीर केलाय. कारण काय लिहू?”

“खरं तेच लिही,” मी म्हटले, “फक्त कंटाळवाणं नको.”

सहीसाठी घेतलेले पेन मी तिला दिले. ती माझ्या टेबलाशी बसली, आणि दुपार कलली तरी पेन परत मिळाले नाही. वकील ताटकळून घरी गेले. मला इतका आनंद झाला होता की त्यांना चहा विचारायचेही राहिले.

सबब खोली, टेबल व ते पेन नातीला द्यावे. पोती जिन्याखाली ठेवावीत.

साक्षीदार: आमचे डॉक्टर, शाळेत माझ्या बाकावर बसणारी शिंपीणबाई.
सही: पाववाल्या काकू
ठिकाण: भट्टीवरची खोली
दिनांक: ठरल्याच्या दुसऱ्या दिवशी. उशिराचे कारण कलम चारमध्ये लिहिले आहे.