दगड उचलण्याआधी

प्रिय एर्मेलिंडा,

की तिकडे तुला ठेवलेलं नाव, नूरहायाती, लिहू? गेल्या महिन्यात हरवलेली मुलं शोधणाऱ्या संस्थेच्या लोकांनी फोनच्या पडद्यावर तुझी गाठ घालून दिली, तेव्हा मी एकदा हे नाव घेतलं, एकदा ते, आणि तू दोन्हींना ओ दिलीस. तेव्हापासून माझा गोंधळ वाढलाच आहे.

हे पत्र इंडोनेशियनमध्ये लिहितोय. नव्याण्णवच्या सप्टेंबरात इंडोनेशियाच्या शिपायांनी देश सोडता सोडता पेटवलेलं आपलं घर जळत असताना मी शपथ घेतली होती की ही भाषा पुन्हा तोंडात घेणार नाही. वीस वर्षं पाळली. काल कागद घेऊन बसलो तर झेलिया, तुझी वहिनी, म्हणाली, "काय मास्तर, मोडली का शपथ?" मी म्हटलं, बहिणीला दुसरी भाषा येत नाही त्याला मी काय करू? तर म्हणते, "मग शुद्ध तरी लिहा, नाहीतर ती म्हणेल भाऊ अडाणी आहे." अडाणी मी नाही. इंडोनेशियाच्या राज्यात पोर्तुगीज बोलायला बंदी होती तेव्हा 'सी'च्या आधीची पानं फाटलेल्या एका शब्दकोशावरून मी ती शिकलो. आज लोस्पालोसच्या शाळेत शिकवतो. आजोबांना त्याच भाषेच्या मास्तरांनी वेताने फोडलं होतं, म्हणून ते मरेपर्यंत मला पोपट म्हणत. घरात मुलं तेतुम बोलतात, देशभर चालते ती भाषा. आई मात्र आपल्या गावाकडच्या फातालुकूशिवाय काही बोलत नाही. ती सत्त्याऐंशीची आहे, निदान चर्चच्या वहीप्रमाणे.

आईने तुला पुरलं आहे, हे तुला कुणी सांगितलं का? माणूस सापडलं नाही की आमच्यात त्याच्या जागी दगड पुरतात, नाहीतर त्याचा आत्मा भटकतो. तुझा दगड चौऱ्याऐंशी साली पुरला, कुळाच्या घरामागे, बाबांच्या दगडाशेजारी. साधारण नारळाएवढा. तुझं फुलाफुलांचं झबलं त्याला गुंडाळलं होतं. आता तू जिवंत निघालीस, तर सगळे विचारात पडलेत. ओर्लांदोकाका आपल्या कुळाचे बोलणारे, जुन्या गोष्टी त्यांनाच पाठ. ते म्हणाले, "मेलेल्या माणसाला कुळाच्या घराची पायरी चढता येत नाही. आधी दगड काढावा लागेल." आई चिडली. "माझी पोर आणि पायरीवर थांबणार? तुमच्या दगडाला घाला चुलीत!" काका हसले, पण हलले नाहीत. दगड काढायचा तर ज्याने तुला शेवटचं पाहिलं त्याने, तू कशी गेलीस ते कुळासमोर जसंच्या तसं सांगायचं. खोटं सांगून काढलेला दगड घरावर उलटतो म्हणतात. मी शिकलेला माणूस, असल्या गोष्टी मानत नाही. तरी गेले नऊ दिवस जेवण जात नाही.

शेवटचं तुला पाहिलं ते मी.

आई चाळीस वर्षं सांगते, शिपायांनी पोर हिसकावली. असं झालं नव्हतं. एकोणऐंशीचा ऑगस्ट, शिपायांनी डोंगरातून खाली आणून आपल्याला छावणीत ठेवलेलं. आई रानकंद खणायला गेली होती. मी अकरा वर्षांचा, तू पाच. तुला बिस्किटं देणारा सार्जंट आला. छावणीतल्या आपल्या पोरांत मलय, म्हणजे शिपायांची ही इंडोनेशियन, समजायची ती फक्त मला, चाळीस-पन्नास शब्द, शिपायांचं ऐकून ऐकून शिकलेले. त्याचा मला केवढा ताठा होता. त्याने विचारलं, हिला कोण आहे? मी म्हटलं, कुणी नाही.

बाबांना लपवलं ते बरोबरच होतं. ते लढणाऱ्यांबरोबर रानात होते. नाव घेतलं असतं तर पुढचा प्रश्न 'कुठे आहे' हाच आला असता. पण आईला का नाकारलं? आणि मी स्वतः तिथे तुझा हात धरून उभा होतो, मला का नाकारलं? कधी वाटतं, भीती. कधी वाटतं, तुला पोटभर मिळेल म्हणून. कधी वाटतं, परक्या भाषेत उत्तर देता येतं एवढंच त्या क्षणी मिरवायचं होतं. तुला उचलून नेण्याआधी सार्जंटने माझी पाठ थोपटली, हे पक्कं आठवतं. बाकीचं नक्की सांगता येत नाही, आणि नक्की न सांगता येण्याची मला सवय नाही.

चौदा तारखेला तू येशील तेव्हा हे सगळं मला फातालुकूत सांगायचं आहे, आईच्या तोंडावर. तुझ्याशेजारी बसून तुला इंडोनेशियनमध्ये सांगणाराही मीच. आईने तसं बजावलंय, दुसऱ्या कुणावर तिचा भरवसा नाही. तिला एक आणि तुला दुसरंच सांगावं, असंही दोन दिवस मनात आलं, खोटं कशाला बोलू. तसं करणार नाही. म्हणून हे पत्र: चारचौघांत कळण्याआधी तुला एकटीला कळावं. आई माझ्याशी बोलेल की नाही, माहीत नाही. दगड निघाल्यावर पायरी चढताना माझा हात नको वाटला तर काकांचा धर. पण ये.

तुझाच भाऊ, तू मानलंस तर,
अनिसेतो