काकणाच्या घरट्याआडची फांदी

तारकर्ली,
चैत्र, १९६३

प्रिय बाबली,

माझं अक्षर बघून तू चपापशील. गावाचा निर्णय कळवला तेवढं सोडलं तर तू गेल्यापासून मी तुला एक ओळ लिहिलेली नाही, तुझ्या कार्डालाही उत्तर दिलं नाही. आक्का रागावली असं तू समजला असशील. राग असता तर मी चार दिवसांत खरमरीत पत्र लिहून मोकळी झाले असते, तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. माझा तुझ्यावर संशय होता. शाळेत मुलींना पाढे सांगताना, चुलीपुढे बसल्यावर, रोज नवं काहीतरी आठवायचं आणि ते तुझ्याच विरुद्ध जायचं.

तू पौषात आलास तेव्हा चीनची लढाई नुकती थांबली होती. गावात अनोळखी फेरीवाला आला तरी लोक त्याला दहा प्रश्न विचारत. त्यात तू मुंबईत काम करतोस त्या स्टुडिओच्या मालकाचा तो कॅमेरा घेऊन आलास, पुढे हातभर लांब भिंग लावलेला. होडीत उभा राहून ते नळकांडं तू डोळ्याला लावलंस की किनाऱ्यावरची माणसं माना खाली घालत. कोणी म्हणे बंदूक, कोणी म्हणे हेरगिरी. मालवणहून पोलीससुद्धा येऊन गेला. तू त्याला त्या भिंगातून खाडीतल्या वाळूच्या बेटावर बसलेले कुरव पक्षी दाखवलेस, तेव्हा तो पोरासारखा हसला होता. पण तो गेल्यावर बायका विहिरीवर मला विचारायच्याच, सुभद्राबाई, तुमचो भाव नक्की काय काढता? मी सांगायची, पाखरं. त्यांना ते पटत नव्हतं, आणि खरं सांगू, पाखरांसाठी माणूस मुंबईहून एवढ्या लांब येतो हे मलाही पुरतं पटत नव्हतं.

तुला हवं होतं ते काकणाचं, त्या मासे उचलणाऱ्या समुद्री गरुडाचं घरटं, देवस्थानच्या जुन्या आंब्यावरचं. जमिनीवरून ते दिसतच नाही, खाडीतून तेवढं दिसतं. होडी हलते म्हणून तिथे कॅमेऱ्याचं तीन पायांचं तिकाटणं चालत नाही, सगळा भार हातांवर. संध्याकाळी तुझे दंड इतके भरून यायचे की तुला पेज ओरपतानाही त्रास व्हायचा. त्या दिवशी जेवताना तू म्हणालास, "ती एक फांदी मदी येता गो आक्का. ती नसती तर जन्मात एकदा गावणारो फोटू गावलो असतो." आई गेल्यावर आपल्या दोघांचे आई आणि बाप दोन्ही झालेले दाजी शेजारीच जेवत होते. ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "पाखरांचे फोटू काढून प्वाट भरतला?" तू मान खाली घातलीस. मी ताक वाढलं. विषय तिथेच संपला असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत होते, तू रोल आणायला मालवणला गेला होतास. त्याच्या दुसऱ्या सकाळी तू होडी घेऊन गेलास आणि दुपारी परत आलास तो ओठ घट्ट मिटून. फोटो मिळाला का विचारलं तर नुसती मान हलवलीस. रजा शिल्लक होती, तरी संध्याकाळच्या गाडीने निघालास. दाजींना नमस्कार करताना तू त्यांच्याकडे बघितलंही नाहीस. दोन दिवसांनी देवळाचा गुरव ओरडत आला. आंब्याची मोठी फांदी कोयत्याने तोडलेली, घरटं उघड्यावर पडलेलं, एक पिल्लू खाली मरून पडलेलं आणि दुसऱ्याचं काहीच उरलेलं नाही. काकणाची जोडी आठवडाभर त्या झाडावरून घिरट्या घालत ओरडत होती. तो आवाज शाळेपर्यंत यायचा. मग एक दिवस तो थांबला.

सगळ्या गावाने एकच नाव घेतलं. मी तरी कशी वेगळं म्हणणार? तू त्या फांदीबद्दल बोललेलं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. पुढे एका साप्ताहिकात तुझा फोटो आला. काकण पंख पसरून घरट्यावर उतरतोय, पायात मासा, खाली दोन पांढरी डोकी वर झालेली. फोटो इतका सुंदर होता की मला तो बघवेना. आणि तो मला विचित्रही वाटला. घरटं एका कडेला चिकटलेलं, जणू डावी बाजू कोणी मुद्दाम कापून टाकलीय. मला वाटलं, तोडलेल्या फांदीचा खुंट लोकांना दिसू नये म्हणून तूच ती कापली असशील. गावाने ठरवलं की वर्षभर बाबलीने देवळात देवापुढच्या सामूहिक गाऱ्हाण्याला उभं राहायचं नाही. मी ते तुला कळवलं तेव्हा तुझं कार्ड आलं, "मी तोडली नाही. आणखी काही विचारू नकोस." पहिल्या वाक्यावर मी कदाचित विश्वास ठेवलाही असता. दुसऱ्या वाक्याने माझा संशय पक्का केला. ज्याने काही केलं नाही तो विचारू नकोस कशाला म्हणेल?

त्याच सुमाराला दाजींचा गुडघा सुजलेला होता. "बावीच्या पायरेर पाय घसरलो," असं त्यांनी मला तू गेलास त्या रात्रीच सांगितलं होतं. मी रोज तेल चोळत होते. पण विहिरीवर पडलेल्या माणसाच्या दोन्ही पोटऱ्या आतल्या बाजूने कशा खरचटतील? त्यांची एक बंडीही सापडत नव्हती. शिमग्याआधी घर झाडताना ती मला लाकडांच्या मागे सापडली. छातीवर काळे चिकट डाग. आंब्याच्या चिकाचा डाग किती धुतला तरी जात नाही, हे मला कोणी सांगायला नको. तरी मी मनाला समजावलं की म्हातारा माणूस, कुठेतरी झाडाला टेकला असेल. मग लक्षात यायला लागलं की ते देवळाकडे जायचे थांबलेत. तुझं नाव निघालं की ताटावरून उठतात. माझा संशय आता घरातच फिरायला लागला होता. बाबली, तो आधीच्या संशयापेक्षा वाईट होता.

परवा मी ती बंडी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी बोटाने तो डाग चाचपला. मग म्हणाले, "चेडवा, तुका काय इचारूचा आसा ता सरळ इचार."

"ती फांदी कोणी तोडल्यान?"

"मियां."

आयुष्यभर गलबतावर तांडेल असलेला माणूस. डोलकाठीवर चढायची सवय अंगात मुरलेली, पण या वयात! ते खाली बघून बोलत होते, "दोरी बांधून सवकास खाली सोडलंय. घरट्याक धक्को लागूक नाय. पिल्लां बरी होती, दोनय. माका वाटला, बाबल्याक एकदा नीट दिसांदे. ऊन लागतला, कावळे येतले, ह्या माझ्या मनात येवकच नाय."

"आणि गाव त्याका बोललो तेव्हा तुम्ही गप कित्याक रवलात?"

"देवाच्या झाडार कोयती लावलंय. सगळ्यांनी माका तांडेल म्हणून मान दिल्यानी. त्यांच्या फुड्यात उभ्यान सांगूक धीर जावक नाय." मग तेच म्हणाले, "बाबल्याक ठाऊक आसा. दोरी वरच रवली, खाडीच्या बाजूक. पायात बळ उरूक नाय, परत चढाक जमला नाय. माझी गाठ त्याच्या नळकांड्यातसून दिसली आसतलीच."

तेव्हा मला एकेक उलगडत गेलं. त्या सकाळी होडीतून तू घरट्यावर भिंग रोखलंस आणि फांदीच्या जागी तुला दाजींची ती गाठ दिसली, जी लहानपणी आपल्या दोघांना शिकवूनही कधी जमली नाही. तू फोटो काढलास. मग घरी येऊन कोणाला काही विचारलं नाहीस, गाठोडं बांधलंस आणि निघून गेलास. फोटोची डावी बाजू तू दोरी लपवण्यासाठी कापलीस. गावाची बोलणी खाल्लीस, माझीही. मी तुझ्यावर विश्वास ठेवत नाहीय हे कळूनही तू मला एवढंच लिहिलंस, की विचारू नकोस. मी त्या कार्डाचे किती उलटे अर्थ लावले ते तुला सांगत नाही.

आता हे पत्र कशासाठी ते. येत्या अक्षय्य तृतीयेला गाव देवळात जमणार आहे. दाजींनी ठरवलंय की सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, फांदी माझ्या झिलान तोडूक नाय, मियां तोडलंय. तुला कळवायचं नाही असं त्यांनी मला दोनदा बजावलंय, म्हणूनच मी त्यांना नकळत हे लिहितेय. गुडघा अजून धड झालेला नाही, काठीशिवाय त्यांना उभं राहता येत नाही, आणि देवापुढे काठी टेकून बोलणार नाही असा त्यांचा हट्ट आहे. एका बाजूने मी त्यांना धरीन. दुसऱ्या बाजूला तू हवास. ये.

तुझीच,
आक्का